खुलाशाची मुदत : समाजमाध्यमांच्या काळातील जनसंपर्क-व्यवसाय

मराठी वृत्तपत्रांत ‘खुलासा’ या मथळ्याखाली एक लहानशी चौकट छापण्याचा जुना शिरस्ता आहे. एखाद्या कारखान्याविषयी, संस्थेविषयी अथवा सरकारी खात्याविषयी आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध झाला, की तेथील जनसंपर्क अधिकारी दप्तरातील कागद धुंडाळून, संबंधित खातेप्रमुखाची कैफियत घेऊन, मसुद्यावर वरिष्ठांची मंजुरी मिळवून, दोन-चार दिवसांनी आपले म्हणणे लेखी स्वरूपात संपादकांकडे रुजू करी. आणि ते चौकटीत छापून आले म्हणजे प्रकरण मिटले, असे उभयपक्षी समजले जाई. हा सारा व्यवहार दोन गृहीतांवर उभा होता. आक्षेप आणि उत्तर यांच्यामध्ये काही मुदत मिळते, हे पहिले; आणि लोकांपर्यंत जाण्याचा दरवाजा एकच असून त्याची किल्ली संपादकाच्या हाती असते, हे दुसरे. फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६), व्हॉट्सॲप (२००९) आणि इन्स्टाग्राम (२०१०) ही माध्यमे सहा-सात वर्षांच्या अवधीत उदयास आली आणि ही दोन्ही गृहीते डळमळीत झाली.

या स्थित्यंतराशी जनसंपर्क-व्यवसाय कसा जुळवून घेत आहे, त्याविषयी अभ्यासकांत व व्यावसायिकांत कोणते मतभेद आहेत, आणि कोणते प्रश्न अद्याप निकालात निघालेले नाहीत, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

जनसंपर्काला स्वतंत्र व्यवसायाचे रूप विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आले. रेल्वे, कोळसा व तेल यांच्या बड्या कंपन्यांचा कारभार तेथील नियतकालिके एकामागून एक चव्हाट्यावर आणू लागली, तेव्हा ज्या मालकांना वार्ताहराशी बोलणेही कमीपणाचे वाटे, त्यांनाच आपली बाजू मांडणारा कोणीतरी हवासा वाटू लागला. आयव्ही ली या माजी पत्रकाराने १९०६ मध्ये संपादकांकडे पाठविलेल्या तत्त्वनिवेदनात, आपले काम उघडपणे चालेल, आपण देतो ती जाहिरात नव्हे, आणि दिलेली माहिती पडताळून पाहण्यास संपादकांना साहाय्य केले जाईल, अशी ग्वाही दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अपघात झाकून ठेवण्याची रेल्वे कंपन्यांची रूढ रीत मोडून ली यांनी कंपनीचे निवेदन वृत्तपत्रांकडे धाडले आणि वार्ताहरांना प्रत्यक्ष घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा जन्म या घटनेपासून मानण्याची प्रथा आहे.

दुसरा प्रवाह एडवर्ड बर्नेज यांचा. सिग्मंड फ्रॉइड यांचे भाचे असलेल्या बर्नेज यांनी १९२३ मध्ये ‘क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन’ हा ग्रंथ लिहून लोकमत घडविण्याच्या या कलेला मानसशास्त्राचे अधिष्ठान देण्याचा प्रयत्न केला. १९२९ मध्ये ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी जाहीरपणे सिगारेटी पेटविल्या, आणि स्त्रीस्वातंत्र्याची ज्योत म्हणून त्या घटनेची छायाचित्रे सर्वत्र झळकली; परंतु या देखाव्यामागे एक सिगारेट कंपनी आणि तिचे सल्लागार बर्नेज आहेत, हे पाहणाऱ्यांस सांगितले गेले नव्हते. एकीकडे माहिती उघडी करणे आणि दुसरीकडे माहिती देणाऱ्याचा हात झाकून मन वळविणे, अशा या दोन प्रेरणा या व्यवसायात आरंभापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. समाजमाध्यमांनी त्या दोहोंनाही बळ दिले.

जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये या इतिहासाची चार प्रतिमानांत मांडणी केली : केवळ गाजावाजा, एकतर्फी माहिती, लोकांचे मन जाणून घेऊन त्यांना आपल्याकडे वळविणारा विषम द्विमार्गी व्यवहार, आणि संस्था व लोक या दोघांनाही बदलण्यास वाव ठेवणारा सम द्विमार्गी व्यवहार. पुढील वादाची सारी परिभाषा बहुतांशी याच मांडणीतून आली असल्यामुळे तिचा येथे उल्लेख आवश्यक होता.

२. भारतातील परंपरा

आपल्याकडे टाटा उद्योगसमूहाने १९४० च्या दशकातच मुंबईत जनसंपर्काचा स्वतंत्र विभाग उघडला होता. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली; तिने १९६८ मध्ये ‘अथेन्स संहिता’ या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेचा स्वीकार केला, आणि त्या स्मरणार्थ २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परदेशी कंपन्या आल्या, भांडवल बाजार विस्तारला आणि स्वतंत्र सल्लागार संस्थांची भरभराट झाली. सरकारी बाजूस महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, जिल्ह्याजिल्ह्यांतील माहिती अधिकारी आणि ‘लोकराज्य’ हे मासिक यांची घडी आधीपासून बसलेली होती.

या काळातील नित्याचे काम कोणते, तर प्रसिद्धिपत्रक लिहिणे, पत्रकार परिषद बोलाविणे, वार्ताहरांशी स्नेह राखणे आणि दुसऱ्या दिवशी कात्रणे कापून फाइलीत लावणे. या व्यवस्थेचा मोठा आधार म्हणजे वृत्तपत्रात छापून येणाऱ्या मजकुराची पत. जाहिरातीवर वाचक विश्वास ठेवीलच असे नाही, बातमीवर मात्र ठेवतो, या भेदावर व्यवसायाची किंमत ठरत असे. त्या पतीलाही धक्के बसले होते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची पैसे देऊन छापलेली स्तुती बातमीच्या वेषात प्रसिद्ध झाल्याचे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’च्या रोगाची विस्तृत चौकशी केली. तेव्हा समाजमाध्यमे आली ती एखाद्या निष्कलंक व्यवस्थेला भ्रष्ट करण्यासाठी आली, असे म्हणता येणार नाही. संपादकीय दरवाजाची विश्वासार्हता त्यापूर्वीच वादग्रस्त ठरली होती.

३. बदलाचे स्वरूप

बदलाची पहिली चाहूल १९९९ मधील ‘क्लूट्रेन मॅनिफेस्टो’ या पंच्याण्णव कलमी जाहीरनाम्यात सापडते. बाजारपेठ म्हणजे माणसांचे आपसांतील बोलणे, आणि त्या बोलण्यात कंपनीचा कृत्रिम दरबारी स्वर वेगळा ओळखू येतो, असे त्याच्या कर्त्यांचे प्रतिपादन होते. २००६ मध्ये टॉम फोरेम्स्की या पत्रकाराने प्रसिद्धिपत्रकाचे मरण चिंतणारा लेख लिहिला, आणि त्याला उत्तर म्हणून ध्वनी, चित्र व दुवे यांनी युक्त अशा नव्या धाटणीच्या पत्रकाचा नमुना एका अमेरिकन सल्लागार संस्थेने पुढे केला. त्याच वर्षी वॉलमार्टच्या वाहनतळांवर मुक्काम करीत देशभर हिंडणाऱ्या एका जोडप्याची रोजनिशी गाजली. परंतु त्या प्रवासाचा खर्च वॉलमार्टशी संबंधित संघटनेकडून आला असून मागे एडेलमन ही जनसंपर्क संस्था आहे हे उघड होताच संस्थेच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. बर्नेज यांचा झाकलेला हात उघडा पडण्यास आता वर्षे लागत नव्हती.

भारतात या बदलाला खरा वेग आला तो सप्टेंबर २०१६ नंतर. जिओच्या आगमनाने डेटा स्वस्त झाला आणि मोबाइल हे तालुक्याच्या गावीही वाचण्याचे, पाहण्याचे व तक्रार करण्याचे साधन बनले. त्याबरोबर सल्लागार संस्थांच्या कचेऱ्यांचा अंतर्गत कारभार पालटला. पूर्वी जेथे दोन-तीन भाषांत पत्रके लिहिणारे आणि संपादकांना ओळखणारे लोक पुरत, तेथे चित्रफिती बनविणारे, आकडेवारी वाचणारे, अष्टौप्रहर समाजमाध्यमांवर लक्ष ठेवणारे आणि ग्राहकाच्या तक्रारीला तत्क्षणी उत्तर देणारे कर्मचारी आले. ‘सोशल लिसनिंग’ नावाचे, म्हणजे लोक आपल्याविषयी काय बोलतात ते यंत्राच्या साहाय्याने ऐकण्याचे, नवे खातेच निर्माण झाले. जिनी डिट्रिच यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या चौकटीत माध्यमांचे चार प्रकार सांगितले आहेत : पैसे देऊन मिळविलेले, पत्रकारांकडून लाभलेले, लोकांनी आपसांत वाटलेले आणि संस्थेच्या स्वतःच्या मालकीचे. पूर्वी या व्यवसायाचे क्षेत्र मुख्यत्वे दुसऱ्या प्रकारापुरते होते. आता चारही प्रकारांवर तो हक्क सांगू लागला, आणि जाहिरात संस्थांशी त्याची हद्द कोठे संपते हा नवा तंटा उद्भवला.

४. तीन भूमिका

या परिवर्तनाचा अर्थ लावणाऱ्या भूमिका स्थूलमानाने तीन आहेत.

पहिली भूमिका आशावादी आहे. मायकेल केंट आणि मॉरीन टेलर यांनी १९९८ मध्ये, म्हणजे आजची समाजमाध्यमे जन्मास येण्यापूर्वीच, महाजालाच्या आधारे संस्था व लोक यांच्यात संवादाचे नाते उभारता येईल असे तत्त्व मांडले होते. ग्रुनिग यांनी २००९ मध्ये असे प्रतिपादन केले, की नव्या माध्यमांचा पुरता उपयोग केला तर जनसंपर्क अधिक दूरदर्शी, अधिक द्विमार्गी आणि अधिक उत्तरदायी होईल. तथापि त्यांनी एक इशाराही दिला होता : नवे माध्यम हाती आले म्हणजे माणसे ते जुन्याच रीतीने वापरू लागतात, आणि प्रसिद्धिपत्रकांचा जो ढीग पूर्वी संपादकाच्या मेजावर पडे, तो आता लोकांच्या पडद्यावर पडेल.

दुसरी भूमिका साशंक आहे. तिच्या मते समतेचा हा संवाद पूर्वीही आदर्शापुरताच होता आणि आजही तसाच आहे. कारण एका बाजूस धन, मनुष्यबळ व विधिज्ञ यांनी सज्ज अशी संस्था आणि दुसऱ्या बाजूस एकटा ग्राहक, यांच्यातील बळाचे अंतर केवळ दोघांनाही लिहिता येऊ लागले म्हणून नाहीसे होत नाही. शिवाय ज्या चावडीवर हे बोलणे चालते ती चावडी सार्वजनिक नसून काही कंपन्यांच्या खाजगी मालकीची आहे, आणि कोणाचे बोलणे किती जणांच्या कानी पडावे हे त्या कंपन्यांचा अल्गोरिदम ठरवितो. संवादाच्या तत्त्वाचे प्रवर्तक असलेल्या केंट यांनीही पुढील लेखनात, समाजमाध्यमांचा प्रत्यक्ष वापर संवादापेक्षा विक्रीसाठीच अधिक होतो, अशी तक्रार केली आहे.

तिसरी भूमिका व्यवहारी लोकांची आहे. संवाद सम की विषम हा वाद विद्यापीठांत चालू द्यावा. आपल्याला उत्पादनाचे नाव, समभागाची किंमत आणि मालकाची अब्रू सांभाळावयाची आहे, आणि त्यासाठी लोक जेथे आहेत तेथे जाणे भाग आहे, असे हा वर्ग म्हणतो. या भूमिकेला उथळ म्हणून बाजूस सारणे न्याय्य होणार नाही, कारण वेतन देणारा याच प्रश्नाचे उत्तर मागतो. पण तिच्यावरचा आक्षेपही विचारार्ह आहे : सगळे जण मजकूरच तयार करू लागले, तर संस्थेला तिच्या वर्तनाविषयी अप्रिय सल्ला देण्याचे जे या व्यवसायाचे मूळ काम, ते कोणी करावयाचे?

५. संकटसमयीची कसोटी

या तीनही भूमिकांची परीक्षा संकटकाळी होते, आणि त्यासाठी महाराष्ट्राशी निगडित दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई सुरू केली. तो जमाना वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांचा होता. आरंभी कंपनीने दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखविले. पुढे विक्रेत्यांसाठी ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली, वेष्टन बदलून अधिक बंदिस्त केले, आणि जानेवारी २००४ मध्ये अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणून ग्राहकांना पुन्हा आश्वस्त केले.

२०१५ मध्ये मॅगी नूडल्सवर शिसे व मोनोसोडियम ग्लुटामेट यांच्या प्रमाणावरून गंडांतर आले, तेव्हा ट्विटर व फेसबुक चांगले रुळले होते. आपले उत्पादन निर्धोक आहे, हे एकाच ठशाचे उत्तर कंपनी प्रत्येक प्रश्नकर्त्याला देत राहिली, अशी टीका झाली. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने विक्री थांबविण्याचा हुकूम काढला. १३ ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला, मात्र तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करण्याची अट घातली. आणि नोव्हेंबरात मॅगी बाजारात परतली. तिच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या तरुण ग्राहकांच्या भावनेला साद घालणाऱ्या चित्रफिती कंपनीने मधल्या काळात समाजमाध्यमांवर प्रसृत केल्या, आणि ज्या माध्यमाने कोंडीत पकडले त्याच माध्यमाने परतीची वाटही सुकर केली.

परदेशांतील प्रकरणांतून वेळेचा प्रश्न अधिक ठसठशीतपणे पुढे येतो. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतील डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी खाद्यपदार्थांची विटंबना करणारी चित्रफीत यूट्यूबवर टाकली. बोलल्याने बोभाटा वाढेल या विचाराने कंपनी प्रथम गप्प राहिली, आणि शेवटी तिच्या अधिकाऱ्याला यूट्यूबवरूनच माफी मागावी लागली. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढले गेले. कंपनीने त्वरित निवेदन काढले खरे, पण त्यातील ‘अन्यत्र व्यवस्था करावी लागली’ अशा अर्थाच्या गुळगुळीत शब्दांनी संताप शमण्याऐवजी भडकला, आणि दोन दिवसांनी प्रमुखांनी बिनशर्त क्षमा मागितली. एकीकडे उशीर बाधला, दुसरीकडे घाई बाधली. तेव्हा ‘तात्काळ बोला’ हा एकच मंत्र पुरेसा नाही, हे उघड आहे.

याहून अवघड प्रसंग असतो तो कंपनीचा दोष नसता उठलेल्या वादळाचा. टिमथी कूम्ब्स आणि शेरी हॉलडे यांनी २०१२ मध्ये अशा, उघड्यावर चाललेल्या पण अद्याप संकट न बनलेल्या धोक्यासाठी ‘पॅराक्रायसिस’ ही संज्ञा योजली. मार्च २०१९ मध्ये होळीच्या पार्श्वभूमीवर हिंदू-मुस्लिम मुलांचा स्नेह दाखविणाऱ्या सर्फ एक्सेलच्या जाहिरातीवर बहिष्काराची हाक दिली गेली. त्या आवेशात काही जणांनी साबणाची भुकटी सोडून मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल या संगणकीय ॲपलाच निकृष्ट शेरे देऊन टाकले. हिंदुस्थान युनिलिव्हरने जाहिरात मागे घेतली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आंतरधर्मीय कुटुंबातील डोहाळजेवण दाखविणारी आपली जाहिरात तनिष्कने मात्र मागे घेतली, आणि आपले कर्मचारी, भागीदार व दुकाने यांच्या हिताचे कारण दिले. पहिल्या निर्णयात धैर्य आणि दुसऱ्यात भीती पाहणारे लोक आहेत, तसेच दुकानाच्या काउंटरवर उभ्या असणाऱ्या नोकराच्या सुरक्षिततेची जबाबदारी मोठी मानणारेही आहेत. हा वाद मिटलेला नाही.

६. मोबदला आणि नियमन

संपादकाचा दरवाजा अनेकांपैकी एक झाला, तेव्हा बाकीचे दरवाजे उघडले ते इन्फ्लुएन्सर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळींनी. पाककृती, प्रवास, शेती, शेअर बाजार अशा विषयांवर मराठीतून चित्रफिती करणाऱ्या या लोकांना स्वतःचा श्रोतृवर्ग आहे, आणि तो त्यांच्यावर शेजाऱ्यासारखा विश्वास ठेवतो. हा विश्वासच विकाऊ झाला म्हणजे काय, हा प्रश्न अर्थातच उद्भवला. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००९ मध्येच आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारून मोबदल्याचा संबंध उघड करणे आवश्यक ठरविले. भारतात जाहिरात मानक परिषदेने (एस्की) इन्फ्लुएन्सरांसाठी २०२१ मध्ये नियम केले; जून २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. पहिल्या उल्लंघनास दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुढील उल्लंघनास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून व्यवसायानिमित्त मिळणाऱ्या, वर्षाला वीस हजार रुपयांहून अधिक किमतीच्या भेटवस्तू व सवलतींवर दहा टक्के करकपात लागू झाली, आणि भेट म्हणून मिळालेला मोबाइल हेही उत्पन्नच होय, हे प्राप्तिकर खात्याने या मंडळींच्या गळी उतरविले. आर्थिक सल्ला देणाऱ्यांपुरते सेबीनेही २०२४ मध्ये निर्बंध घातले.

नियम झाले, तरी त्यांची अंमलबजावणी भाषेच्या उंबरठ्यावर अडखळते. प्रकटन जाहिरातीच्याच भाषेत व सहज कळेल असे असावे, ही अपेक्षा आहे. पण अस्सल ग्रामीण मराठीत चाललेल्या चित्रफितीखाली एखादा तोकडा इंग्रजी शब्द कोपऱ्यात टाकला, तर पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून मोबदल्याचा बोध झाला असे मानावे काय?

व्यवसायाच्या स्वनियमनाचे सर्वांत कठोर उदाहरण ब्रिटनमधील आहे. बेल पॉटिंजर या नामांकित संस्थेने दक्षिण आफ्रिकेत एका धनाढ्य कुटुंबाच्या वतीने वांशिक तेढ वाढविणारी मोहीम चालविल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने सप्टेंबर २०१७ मध्ये तिला बडतर्फ केले, आणि अल्पावधीतच ती संस्था मोडीत निघाली. स्वनियमन प्रभावी ठरू शकते, याचा हा पुरावा काही जण मानतात. अन्य काही जण म्हणतात, की प्रकरण वृत्तपत्रांनी व राजकीय विरोधकांनी उघडकीस आणले, संघटनेने केवळ शिक्कामोर्तब केले.

७. सरकारी जनसंपर्क

सरकारी यंत्रणेतील बदलाचे ठळक उदाहरण मुंबई पोलिसांचे. डिसेंबर २०१५ मध्ये त्यांनी ट्विटरवर खाते उघडले, आणि हेल्मेट, मद्यपान करून वाहन चालविणे, ऑनलाइन फसवणूक अशा रुक्ष विषयांवर कोट्या व चित्रपटांचे संवाद योजून जे लिखाण चालविले, त्याची कीर्ती देशभर झाली. याच सुमारास परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज परदेशात अडकलेल्या भारतीयांच्या फिर्यादी ट्विटरवरच ऐकून घेत व वकिलातींना कामास लावीत. समर्थक म्हणतात, की अर्जविनंत्यांच्या जंजाळात हरवलेला नागरिक प्रथमच थेट कारभाऱ्यापुढे उभा राहिला. आक्षेप घेणारे विचारतात, की ज्याच्यापाशी मोबाइल व शब्दचातुर्य नाही त्याची फिर्याद मागे पडत नाही काय, आणि विनोदाने मिळविलेली लोकप्रियता म्हणजे उत्तरदायित्व नव्हे, हे कोणी लक्षात आणून द्यावयाचे?

याहून गंभीर वाद सत्यासत्याच्या निवाड्याचा आहे. २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा समाजमाध्यमांवरील मजकूर खोटा आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार सरकारनियुक्त तथ्य-तपासणी कक्षास देण्याची तजवीज झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठात जानेवारी २०२४ मध्ये मतभेद झाला. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या सप्टेंबर २०२४ च्या मतानंतर ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. खुलासा करण्याचा सरकारचा अधिकार कोणीच नाकारला नव्हता. खुलासा करणाऱ्यानेच न्यायाधीशही व्हावे काय, एवढाच मुद्दा होता.

८. मोजमापाचा प्रश्न

पूर्वी कात्रणांतील मजकूर कॉलम-सेंटिमीटरांत मोजून, त्याला जाहिरातीच्या दराने गुणून, जनसंपर्काची किंमत रुपयांत सांगत. २०१० मध्ये बार्सिलोना येथे मोजमाप करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने संमत केलेल्या तत्त्वांनी ही पद्धत त्याज्य ठरविली, आणि किती छापले यापेक्षा काय परिणाम झाला हे पाहावे, असा दंडक घातला. २०१५ व २०२० मध्ये त्यांची सुधारणाही झाली. तरी जुनी सवय सुटत नाही. कात्रणांची जागा ‘लाइक’ व ‘रीच’ यांच्या आकड्यांनी घेतली, आणि ते आकडे विकतही मिळतात हे सर्वश्रुत आहे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. लोकांच्या बोलण्याचा सूर ओळखणारी यंत्रे इंग्रजीवर पोसलेली. आपले लोक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत, कधी दोहोंची खिचडी करून लिहितात, आणि उपरोध हा तर आपला स्वभावधर्म. बिल दोनदा आकारले गेलेल्या गृहस्थाने ‘वा, धन्य ती सेवा!’ असे लिहिले, तर यंत्र त्याची गणना संतुष्ट ग्राहकांत करण्याचा संभव असतो.

९. अनिर्णित प्रश्न

आता राहिलेल्या प्रश्नांकडे वळू. पहिला, दिसणारा गोंगाट म्हणजेच लोकमत काय? काही हजार खात्यांनी उठविलेला बहिष्कार आणि दुकानात येऊन मुकाट्याने खरेदी करणारे गिऱ्हाईक, यांतील खरे जन कोणते, हे सांगणारी भरवशाची फूटपट्टी अद्याप नाही.

दुसरा प्रश्न बंदिस्त गटांचा. व्हॉट्सॲपवरील बोलणे कोणत्याही यंत्राला ऐकू येत नाही, आणि अफवा तर तेथेच फोफावतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भटक्या जमातीच्या माणसांची जमावाने हत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच, अफवा कशी ओळखावी हे भारतीय जनतेला सांगण्यासाठी व्हॉट्सॲपने काय केले, तर वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. संपादकाचा दरवाजा निकामी झाला, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला अवश्य ध्यानी घ्यावा.

तिसरा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून प्रसिद्धिपत्रक, उत्तर, क्षमायाचना हे सारे क्षणात लिहून मिळते, आणि एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडी न बोललेले शब्द घालणारी बनावट चित्रफीतही सहज तयार होते. निवेदने इतकी स्वस्त झाल्यावर त्यांच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, याचे उत्तर व्यवसायापाशी नाही.

चौथा प्रश्न सर्वांत जुना आहे, आणि बाकीचे त्याच्याशी येऊन मिळतात : ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला संस्थेत काही बदल घडविण्याचा अधिकार आहे काय? वर पाहिलेल्या प्रकरणांकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. ली यांनी वार्ताहरांना पुलापाशी नेले, कॅडबरीने वेष्टन बदलले, मॅगी पुन्हा प्रयोगशाळेत गेली. प्रकरणे निवळली ती अशा कृतींच्या आधाराने, निवेदनांनी त्या कृतींना केवळ वाचा दिली. आणि या कृतींना लोकांनी वेळही दिला. कॅडबरीला ऑक्टोबरापासून जानेवारीपर्यंत तीन महिने मिळाले, तो काळ वृत्तपत्रांचा होता. मॅगीला जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पाच महिने मिळाले, तो काळ समाजमाध्यमांचा होता. यावरून असे दिसते, की समाजमाध्यमांनी जी मुदत संपविली ती मसुदा लिहून त्यावर मंजुरी मिळविण्याची. चूक दुरुस्त करण्याची मुदत लोक अद्यापही देतात, मात्र दुरुस्तीला हात घातला आहे हे त्यांना दिसावे लागते.

सल्लागार संस्थांनी नवी यंत्रे घेतली, नवी माणसे नेमली, नव्या संज्ञा रूढ केल्या. परंतु तक्रार प्रथम ज्याच्या पडद्यावर उमटते त्या तरुण कर्मचाऱ्याला कारखान्याच्या व्यवस्थापकाशी थेट बोलण्याची मुभा आहे, की त्याने आधी सहा जणांची संमती घ्यावयाची आहे, याचे उत्तर संस्थेगणिक निराळे मिळते. पुढील दशकातील आढावा घेणाऱ्याने प्रथम ही चौकशी करावी.